संवाद नको, आख्यान द्या

आलेलं पत्र, थोडं आखडून:

"मी कुडाळ तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत आठवी-नववीला इंग्रजी शिकवतो. आठवीच्या वर्गात ५२ मुलं आहेत. बोलणं सुधारायचं तर भूमिकाभिनय घ्या, असं प्रशिक्षणात ऐकलं होतं. म्हणून डॉक्टर-पेशंट, दुकानदार-गिऱ्हाईक असे सहा संवाद लिहून काढले आणि आठवीच्या मुलांकडून पाठ करून घेतले. स्नेहसंमेलनात टाळ्या मिळाल्या. पुढे सहल तारकर्लीला गेली. तिथे केरळहून आलेल्या एका बाईंनी आमच्या 'डॉक्टर' मुलीला सहज विचारलं, 'विच स्टँडर्ड आर यू इन?' मुलगी माझ्याकडे बघत राहिली. मी पुढचं वाक्य सांगेन म्हणून थांबली असावी. वर्गात जोड्या केल्या की मुलं सरळ मालवणीत सुरू होतात. शेजारच्या वर्गातून आवाजाची तक्रार येते. मुख्याध्यापक म्हणतात, आधी पोर्शन बघा. माझं स्वतःचं बोलणंही फार सफाईदार नाही. हे सगळं सोडून द्यावं का?"

सर, नमस्कार.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी तीनदा वाचलं. मुलगी तुमच्याकडे बघत राहिली. तिचं काही चुकलं नाही हो. तिच्या हिशेबाने इंग्रजी वाक्यं तुमच्याकडून येतात, ती फक्त म्हणायची असतात. रंगमंचावर विंगेत कुणीतरी वही घेऊन उभं असतं. तारकर्लीच्या वाळूत ते कुठून येणार?

सोडून देऊ नका. पण तुम्ही जे केलंत तो रोल प्ले, म्हणजे भूमिकाभिनय, नव्हता, कपडे बदलून केलेलं पाठांतर होतं. राग मानू नका. मराठी माध्यमाच्या शाळेत मी ३१ वर्षं इंग्रजी शिकवलं, त्यातली पहिली सात-आठ वर्षं मीही हेच केलं आणि वर स्नेहसंमेलनातल्या टाळ्याही घेतल्या. घोटाळा थोडा त्या शब्दाचाही आहे. 'भूमिकाभिनय' म्हटलं की आपल्या कानाला त्यातला 'अभिनय' तेवढा ऐकू येतो. मग पुठ्ठ्याचा स्टेथोस्कोप येतो, काकांचा पांढरा शर्ट येतो, आणि भूमिका राहूनच जाते. भूमिका म्हणजे काय, तर या माणसाला समोरच्याकडून काहीतरी हवंय आणि ते मिळेल की नाही हे त्याला ठाऊक नाही. तुमच्या पेशंटला डॉक्टर काय म्हणणार ते महिनाभर आधीपासून पाठ होतं. मग तो ऐकेल कशाला?

तुम्ही कुडाळचे, तेव्हा उदाहरण लांब शोधायला नको. जत्रा सुरू झाल्या की तुमची मुलं रात्र रात्र दशावतार बघत बसतात. देवळासमोर एक बाकडं, बाजूला हार्मोनियम, पखवाज, झांज. राजाचा दरबार त्या बाकड्यावर, वनवासही त्याच बाकड्यावर. कलाकारांच्या हातात लिहिलेले संवाद नसतात. कुठलं आख्यान लावायचं आणि कोण कोण काय होणार, एवढं ठरतं. कथा सगळ्यांच्या अंगात मुरलेली असते, बोलणं उभ्या उभ्या होतं. राजाने आडवा प्रश्न टाकला की राक्षसाला तिथल्या तिथे उत्तर काढावं लागतं. ऐकलं नाही तर बोलताच येणार नाही. तुम्ही मुलांना संहिता दिलीत, त्यांना आख्यान द्या.

म्हणजे नक्की काय, ते माझ्या वर्गातली एक जोडी दाखवून सांगते. मी दोन चिठ्ठ्या करायची. तुमच्याकडचे तपशील घालून त्या अशा होतील. पहिली होम स्टेच्या मालकाची: वरची खोली रिकामी, जिना चढावा लागतो. खालची खोली शनिवार दुपारपर्यंत दिलेली. भाडं १८०० सांगा, १५०० च्या खाली उतरू नका. सकाळी सातच्या आधी दार उघडत नाही. सोमवारी घरात मासे होत नाहीत. दुसरी पाहुण्याची: कोचीहून चौघं येणार, त्यात आजी, तिचे गुडघे दुखतात. शुक्रवार ते मंगळवार राहायचं. १६०० च्या वर जायचं नाही. गाडी पहाटे पाचला पोचते. रोज मासे हवेत.

एकाची चिठ्ठी दुसऱ्याने बघायची नाही. दोघांनी बोलून बुकिंग पक्कं करायचं, नाहीतर मोडायचं. बस्स, हेच आख्यान.

चिठ्ठ्या मी मराठीत लिहायची, आणि तुम्हीही मराठीतच लिहा. पुष्कळ जण इथे नाक मुरडतात. पण चिठ्ठी इंग्रजीत असली की मूल ती वाचून दाखवतं आणि आपल्याला वाटतं ते बोललं. मराठीत असली की वाक्य त्याला स्वतःला जुळवावं लागतं. फक्त पूर्ण वाक्यं लिहू नका, मुद्दे लिहा, नाहीतर ते शब्दाला शब्द लावत बसतं.

तर ती जोडी. मालक झालेला मुलगा खिडकीजवळचा, पाहुणी झालेली मुलगी मागच्या बाकावरची, दोघांची इंग्रजीत कायम पस्तिशी. भाड्याचं जमलं. जिन्यापाशी गाडी अडली. ती म्हणाली, "ग्रँडमदर नो अप," आणि स्वतःच्या गुडघ्यावर हात मारला. तो म्हणाला, "डाउन रूम सॅटरडे. फ्रायडे अप." ती गप्प. तोही गप्प. मी शेजारी उभी, ओठ आवळून. बऱ्याच वेळाने त्याचा चेहरा एकदम उजळला. "नो प्रॉब्लेम. माय ब्रदर कॅरी ग्रँडमदर!"

हा भाऊ चिठ्ठीत नव्हता. तो त्याने त्या क्षणी, इंग्रजीत, जन्माला घातला. व्याकरण बघायला गेलात तर चार वाक्यांत चार चुका. पण एका मुलाची अडचण दुसऱ्याला कळली, त्याने वाट काढली, आणि तिने हसून "ओके, युवर ब्रदर स्ट्राँग?" असं विचारलं. सहा संवाद पाठ करून यातलं काही झालं नसतं.

आता चुकांचं. मूल बोलत असताना मध्ये तोंड घालू नका. हे मी अनुभवाने सांगते आणि तो अनुभव मला अजून डाचतो. नोकरीच्या सुरुवातीला एक मुलगी तिच्या बहिणीबद्दल काहीतरी सांगत होती. ती "शी गो" म्हणाली आणि मी तिथेच "गोज!" म्हणून टोकलं. वर्ग हसला. वर्ष संपेपर्यंत त्या मुलीने माझ्या तासाला तोंड उघडलं नाही, आणि ती बहिणीबद्दल काय सांगत होती ते मला कधीच कळलं नाही.

मुलं बोलत असताना तुम्ही वही घेऊन फिरा. कुठे अडतात ते टिपा. मग सगळ्यांना थांबवून फळ्यावर तीन-चार वाक्यं घ्या, कुणाचं नाव न घेता. "माय ब्रदर विल कॅरी हर." "शी कान्ट क्लाइम्ब स्टेअर्स." "इज द ग्राउंड फ्लोअर रूम फ्री?" बघा, ही वाक्यं आधी दिली असती तर ती पाठ्यपुस्तकातली आणखी तीन वाक्यं झाली असती. आता मुलाला त्यांची गरज लागून गेलेली असते. पायात काटा बसल्यावर चिमटा दिला तर तो कशासाठी, हे सांगावं लागत नाही.

त्यानंतर जोडीदार बदलायचे आणि तोच प्रसंग पुन्हा. ही दुसरी फेरी कधीही गाळू नका. वेळ कमी असेल तर आधीचं समजावणं कमी करा, पण दुसरी फेरी घ्याच. पहिल्या फेरीत मूल काय बोलायचं हे शोधत असतं, दुसरीत कसं बोलायचं याकडे त्याचं लक्ष जायला जागा होते. तोच खिडकीजवळचा मुलगा दुसऱ्या फेरीत "माय ब्रदर विल कॅरी युवर ग्रँडमदर, डोंट वरी" म्हणाला. 'डोंट वरी' फळ्यावर नव्हतं.

मालवणीची तुमची तक्रार मला पटते, पण दोष मुलांचा नाही, प्रसंगाचा आहे. कुडाळात डॉक्टर पेशंटला 'खय दुखता?' असंच विचारणार ना? एकाच वाडीतल्या दोन मुलांनी दुकानदार आणि गिऱ्हाईक होऊन इंग्रजीत नारळाचा भाव करायचा, याला काही कारणच नाही, आणि मुलांना ते बरोबर कळतं. म्हणून प्रसंगात एक माणूस असा हवा ज्याला मराठी येत नाही. तुमच्याकडे अशी माणसं रोज उतरतात. कोकण रेल्वेने केरळची माणसं येतात, मालवणला स्नॉर्केलिंगसाठी सगळीकडची येतात. हरवलेली बॅग, चुकलेली बस, किल्ल्यावर जायची होडी आज का बंद आहे ते समजावणं, मासे घेताना 'हा कुठला, काटे फार आहेत का' विचारणारी पाहुणी. पापलेट इंग्रजीत पॉम्फ्रेट होतं, पण बांगडा कसा आहे हे न पाहिलेल्याला सांगताना मुलांची जी धांदल उडते ती बघण्यासारखी असते. तयारीची दोन-तीन मिनिटं त्यांना खुशाल मालवणीत बोलू द्या. डाव कसा खेळायचा हे ठरवताना भाषा कुठली, याने काही बिघडत नाही. मराठी शब्द आला की एक रुपया दंड, असले प्रकार मात्र करू नका. त्याने मुलं इंग्रजी बोलत नाहीत, बोलायचीच थांबतात.

शब्द नाहीत, ही सबब माझ्यासमोर कुणी आणली की मी आकडा सांगते. २००० सालापासून आपल्याकडे पहिलीपासून इंग्रजी आहे. तुमच्या आठवीतल्या मुलाच्या कानावर आठवं वर्ष इंग्रजी पडतंय. त्याच्याकडे शब्द आहेत, ते वापरायची वेळ कधी आली नाही. तारकर्लीच्या त्या मुलीला 'विच', 'स्टँडर्ड', 'यू' यातला एक तरी शब्द नवीन होता का? ती शब्दावर अडली नाही, ती बावचळली. आणि बावचळल्यावर काय म्हणायचं ते आपण तिला कधी दिलंच नाही. म्हणून पहिल्या चिठ्ठ्यांच्याही आधी चार-पाच वाक्यं द्या. "सॉरी, प्लीज से दॅट अगेन." "स्लोली, प्लीज." "वन मिनिट, आय ॲम थिंकिंग." "हाउ डू यू से धिस इन इंग्लिश?" ही मात्र बिनधास्त पाठ करून घ्या. पाठांतराशी माझं भांडण नाही, जागा चुकण्याशी आहे.

दक्षिण भारतात इंग्रजी-अध्यापनाचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात काही साध्या शाळांमध्ये एक प्रयोग केला होता. मुलांचं लक्ष भाषेच्या नियमांवर नको, अर्थावर हवं, हा त्याचा पाया. रेल्वेचं वेळापत्रक पुढे ठेवायचं आणि अमुक गावाला अमुक वाजता पोचायचं तर कुठली गाडी, हे मुलांनी शोधायचं. एकाकडे असलेली माहिती दुसऱ्याकडे नसते तेव्हा बोलण्याला कारण मिळतं, ही कल्पना त्यांच्या मांडणीत स्पष्ट आहे. गंमत अशी की गटात काम करून घेण्यावर त्यांचा भर नव्हता, मुलं एकमेकांकडून चुकीचं इंग्रजी उचलतील अशी त्यांना शंका होती. शंका अगदीच पोकळ नाही. पण ५२ मुलांच्या वर्गात एकेकाशी शिक्षकच बोलायला लागला, तर ३५ मिनिटांच्या तासात एकाच्या वाट्याला चाळीस सेकंद येतात. तेव्हा मी जोड्यांच्या बाजूची. चुकीचं उचलतील ते नंतर सुधारता येतं. न बोललेलं कसं सुधारणार?

जोड्यांसाठी बाकं हलवू नका. एकाआड एक बाकावरच्या मुलांनी मागे तोंड करून बसायचं, की २६ जोड्या तयार. सगळ्यांनी एकाच वेळी बोलायचं. दोघांना पुढे उभं करून पन्नास जणांनी बघत बसायचं, हे आठवड्यातून एकदासुद्धा नको. आवाज होणारच. मधमाश्यांच्या पोळ्यासारखा गुणगुणता असेल तर ठीक, बाजार झाला तर हात वर करा आणि आवाज उतरेपर्यंत थांबा. शेजारच्या बाईंना आधीच जाऊन सांगून ठेवा, गुरुवारी तिसरा तास आमचा जरा गलक्याचा. सांगून केलेल्या गलक्याची तक्रार निम्म्याने कमी होते.

मुख्याध्यापकांना तत्त्व सांगायला जाऊ नका, कागद दाखवा. प्रत्येक जोडीने शेवटी वहीत तीन ओळी लिहायच्या: भाडं कितीला ठरलं, आजीचं काय केलं, सोमवारी जेवायला काय. २६ जोड्यांचे २६ निकाल. कुणी १५५० ला दिलं, कुणी आजीला शुक्रवारी शेजारच्या घरी झोपवलं, कुणी बुकिंग मोडलं. हे लेखनकौशल्यातही धरता येतं. आणि दहावीला इंग्रजीच्या १०० गुणांतले २० तोंडी परीक्षेचे असतात, हे तुम्ही नम्रपणे आठवून द्या. बऱ्याच शाळांत ते २० गुण कसे पडतात ते तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही, त्यावर इथे बोलत नाही.

लाजऱ्या मुलांसाठी एक युक्ती. फोनचा प्रसंग घ्या आणि दोघांना पाठीला पाठ लावून बसवा. चेहरा दिसत नाही, हातवारे चालत नाहीत, त्यामुळे कान आपोआप टवकारतात. आणि समोरचा बघत नाही म्हणून भीडही चेपते. दुसरं म्हणजे नाव बदला. बल्गेरियातले लोझानोव्ह नावाचे एक शिक्षणतज्ज्ञ भाषेच्या वर्गात प्रत्येकाला नवं नाव आणि नवा धंदा देत असत. चूक झाली तर ती त्या नव्या माणसाची, आपली नाही! माझ्याकडचा एक अबोल मुलगा कटकट्या गिऱ्हाईक झाला की असा काही भांडायचा की मला त्याला आवरावं लागे. 'नो! नो! टू मच मनी!' मुखवट्याची ही ताकद दशावतार बघणाऱ्यांना मी काय सांगावी.

पण चांगला अभिनय करणाऱ्याला चांगले गुण देण्याची चूक करू नका. वर्गात एखादी चुणचुणीत मुलगी असते, चेहरा सुंदर हलवते, आणि तीन शब्दांवर सगळा प्रसंग निभावून नेते. बघायला मजा येते. बोलणं मात्र शेजारची खाली मान घालून करत असते.

तुमच्या स्वतःच्या इंग्रजीबद्दल. पहिल्या दिवशी पाहुण्याची चिठ्ठी तुम्ही घ्या आणि मालकाची एखाद्या धीट मुलाला द्या. त्याच्या चिठ्ठीत काय आहे ते खरोखरच बघू नका, त्यालाच लिहू द्या. तुम्ही अडखळाल, थांबाल, "वन मिनिट, आय ॲम थिंकिंग" म्हणाल आणि पुढे जाल. अडखळून पुढे जाणारा मोठा माणूस मुलांनी इंग्रजीत पाहिलेलाच नसतो. टीव्हीवरचे अडखळत नाहीत, आणि वर्गातले पुस्तकातून वाचतात.

याने सगळं होईल असं मात्र समजू नका. रोल प्ले नवं इंग्रजी फारसं देत नाही, असलेलं चालतं करतो. विहिरीत पाणी हवं, मग रहाट. वाचन, ऐकणं, गोष्टी सांगणं चालूच ठेवा, आणि हा खेळ पंधरा दिवसांतून एकदा पुरे. रोज केला तर तिसऱ्या आठवड्यात मुलं कंटाळतील आणि तुम्ही चिठ्ठ्या लिहून थकाल. चिठ्ठ्या मुलांनाच करायला सांगा. नववीने आठवीसाठी केल्या तर फारच उत्तम, दुसऱ्याला अडचणीत टाकायला मुलांना भारी आवडतं.

राहिली तुमची डॉक्टर. तिला पुन्हा डॉक्टर करू नका आणि तारकर्लीचा विषयही काढू नका. पहिल्या फेरीत तिला पाहुणी करा. विचारणाऱ्याच्या हातात दोरी असते, कुठल्या मुद्द्यापासून सुरू करायचं ते तिचं तिला ठरवता येतं. आणि तिच्या चिठ्ठीत खाली एक ओळ वाढवा: मालकाचं बोलणं कळलं तरी निदान दोनदा 'सॉरी, प्लीज से दॅट अगेन' म्हणायचं.